पटावरची मुले आणि पटाबाहेरची सुरत



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे त्यांना वंदन करून आरंभ करतो. मराठीच्या अध्यापकास बोलाविले म्हणजे तो संत, पंत किंवा तंत यांपैकी कोणावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त समजूत असते. मी मात्र आज एक रूक्ष वाटणारा विषय निवडला आहे. तो म्हणजे शाळेचा पट. सुरतेच्या सार्वजनिक प्राथमिक शाळांत किती मुले आहेत, ती कोणत्या भाषेची, कोठून आलेली, हे आकडे कसे वाचावेत आणि वाचताना आपण कोठे फसतो, एवढेच मला सांगावयाचे आहे. ‘पट’ या शब्दाचा मूळ अर्थ वस्त्र. वस्त्रांच्या या नगरीत मुलांच्या यादीलाही पटच म्हणावे, हा योगायोग भाषेच्या अभ्यासकास सुखावणारा आहे. पण त्यात फार गुंतून पडत नाही.

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात आणि स्मरण बहुधा तेथेच थांबते. त्यानंतरचा एक शांत, अधिक फलदायी संबंध आपण विसरलो आहोत. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले, ते १८४० च्या दशकात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. सुरतेचेच दुर्गाराम मेहताजी हे तेथील गुजराती शाळेचे मेहताजी. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन केली. पुढे मुंबईत परमहंस सभा निघाली, तिचे बीज या सुरतेच्या शाळामास्तरांच्या बैठकीत होते. एक मराठी आणि एक गुजराती मास्तर जातिभेदाविरुद्ध एका खोलीत बसून बोलत होते. याच शतकात शिक्षणखात्याचे अहवाल मात्र शाळेतील मुले धर्मवार आणि जातवार रकान्यांत मोजू लागले. कोणतेही तक्तेपत्रक हाती आले की मी आधी रकान्यांची शीर्षके वाचतो, आकडे मागाहून. मोजणाऱ्यास काय जाणून घ्यावयाचे होते आणि कशाची त्याला फिकीर नव्हती, हे शीर्षकांवरून कळते.

आकडा ही निरुपद्रवी माहिती असते असे आपण समजतो. इतिहास तसे सांगत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा सक्ती कोठे लागू करावी याची अटही आकड्याचीच होती: ज्या क्षेत्रात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच. म्हणजे जेथे पट भरलेला तेथे कायदा जाणार, आणि जेथे रिकामा तेथे वाट पाहावयाची. इतकी सौम्य अट घालूनही १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. दहा वर्षांनी, असहकाराच्या काळात, सुरतेच्या नगरपालिकेने आपल्या शाळांवरील सरकारी नियंत्रण झुगारले आणि १९२२ मध्ये सरकारने ती नगरपालिकाच बरखास्त केली. राष्ट्रीय शाळा एका बाजूस आणि सरकारी शाळा दुसऱ्या बाजूस. त्या दिवसांत किती मुले इकडून तिकडे गेली आणि किती परतली, ही संख्या चळवळीच्या बळाचे माप होऊन बसली. प्राथमिक शाळेचा पट वर्तमानपत्रांत गाजावा असे प्रसंग आपल्या देशात थोडेच.

आता मूळ विषयाकडे वळतो. १ मे १९६० पूर्वी सुरत आणि खानदेश हे एकाच मुंबई राज्याचे जिल्हे होते. ताप्ती खोऱ्याची रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. तिने उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही गावे एका दोरीत ओवली. शिंदखेड्याचा शेतकरी मुंबईस जाण्याऐवजी सुरतेस जाऊ लागला, याचे निम्मे कारण ही रेल्वे आहे. तिचा फाटा जेथे निघतो ते उधना पुढे यंत्रमागांचे आगर झाले आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशी वस्ती दाट झाली, यात नवल नाही. राज्ये वेगळी झाली आणि एका रात्रीत सुरतेचा मराठी माणूस भाषिक अल्पसंख्याक ठरला. मुलाची शाळा तीच, फळा तोच. पण त्याच्या भाषेला आता हक्काचा आधार शोधावा लागणार होता.

तो आधार होता. राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदाने, जो १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी पुरविण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. तथापि सोय म्हणजे नेमके काय, हे त्याआधीच, ऑगस्ट १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते. एखाद्या शाळेत ती भाषा बोलणारी मुले चाळीसांहून कमी नसतील, किंवा एका वर्गात दहांहून कमी नसतील, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक नेमावा. दहा आणि चाळीस. माझ्या मते सुरतेतील मराठी मुलाच्या शालेय इतिहासात या दोन आकड्यांइतके महत्त्व कोणत्याही ग्रंथास नाही. याच ठरावात आणखी एक शहाणपणाचे वाक्य होते: मातृभाषा कोणती, हे पालक जे सांगेल त्यावरून मानावे.

या नियमाची मेख पाहा. समजा, एका वस्तीच्या आसपास तीन शाळा आहेत आणि प्रत्येकीत छत्तीस मराठी मुले आहेत. एकूण मुले एकशे आठ. पण चाळीसची अट एकाही शाळेत पुरी होत नाही. मुले आहेत, भाषा आहे, हक्क आहे, आणि शिक्षक मात्र नाही. उलट तीच मुले एका शाळेत असती तर दोन अटी ओलांडूनही बाकी उरली असती. १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेस ही अडचण दिसली असावी, कारण तिने दोन उपाय सांगितले. शाळा सुरू होण्यापूर्वी तीन महिने भाषिक अल्पसंख्याक मुलांची आगाऊ नोंद करण्यासाठी वह्या ठेवाव्यात, आणि एका शाळेत संख्या अपुरी पडली तर शेजारच्या शाळांशी जुळवाजुळव करावी. तरतूद चांगली आहे. पण मार्च महिन्यात शाळेत जाऊन वही मागणारा पालक किती ठिकाणी आढळेल? यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाने ती मागावी, ही अपेक्षाच मुळी भाबडी आहे. ती मागणारी मंडळी आपण, शिकलेले लोक, असावयास हवे होते.

सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. भारतात इतक्या भाषांची प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था चालविणारी शहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, आणि याचे श्रेय या शहरास मोकळ्या मनाने दिले पाहिजे. पण या सात माध्यमांचे आकडे शेजारी शेजारी मांडून ‘अमुक भाषेचे लोक वाढले, तमुक घटले’ असा निष्कर्ष काढणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. तो निष्कर्ष टिकणारा नाही. २०११ च्या जनगणनेत सुरत शहरात दर हजार पुरुषांमागे ७५६ स्त्रिया होत्या. म्हणजे येथे येणाऱ्यांत एकट्या पुरुषांचे प्रमाण फार मोठे. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेला मागकामगार बहुधा एकटा येतो, खोलीत दहाजणांत राहतो, पैसे गावी धाडतो. खानदेशातील माणूस रात्रीच्या गाडीने गावी पोचू शकतो. तो लवकर बायकामुले आणतो, पुढे घर बांधतो. यास्तव मागाच्या शेडमध्ये एका भाषेचे प्रमाण काय आणि प्राथमिक शाळेत काय, यांत मेळ नसतो. शाळेचा पट हा मजुरांच्या संख्येचा दाखला नसून संसारांच्या संख्येचा दाखला आहे. एखादी जमात शहरात केव्हा आली हे कारखान्याच्या मस्टरवर दिसेल. ती केव्हा स्थिरावली हे प्राथमिक शाळेत दिसते.

गुजरातेत शाळेच्या मुख्य नोंदवहीस ‘वयपत्रक’ म्हणतात. आपल्याकडे जिला जनरल रजिस्टर किंवा दाखल-खारीज म्हणतात तीच ही. (गुजरातीत इयत्तेला ‘धोरण’ म्हणतात, हे महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या पालकास पहिल्याच दिवशी चकवते, ‘बाळाचे धोरण काय?’ या प्रश्नास काय उत्तर द्यावे हे त्याला कळत नाही.) या वहीत मुलाचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असते. यांतील प्रत्येक रकाना काही सांगतो आणि प्रत्येक रकाना काही लपवितो.

जन्मतारखेचे घ्या. महाराष्ट्र आणि गुजरात, दोन्हीकडे असंख्य माणसांचा वाढदिवस १ जून हा असतो. आपल्या सभागृहातही ज्यांचा तसा असेल त्यांनी मनातल्या मनात हात वर करावा. आईबापांस तारीख ठाऊक नसे आणि शाळा जूनमध्ये सुरू होई. सहा वर्षे पुरी बसावीत म्हणून गुरुजी १ जून लिहीत. त्यामागे मुलाला प्रवेश मिळावा हीच भावना असे. परंतु अशा वहीवरून ‘वयानुरूप मुले किती’ हा हिशेब मांडला म्हणजे तो मुलांचा न राहता गुरुजींच्या औदार्याचा हिशेब होतो. वयाच्या नियमाची दुसरी गंमत अलीकडची आहे. गुजरातेत २०२३-२४ पासून १ जूनला सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाच पहिलीत घेण्याचा नियम लागू झाला आणि त्याखालच्यांसाठी बालवाटिका सुरू झाली. त्या वर्षीची पहिलीची संख्या मागील वर्षाशी ताडून पाहणारा मनुष्य हबकून जाईल. मुले कोठेही गेलेली नाहीत. ती दाराच्या अलीकडच्या खोलीत बसली आहेत. तसेच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण प्राथमिकात धरले. जेथे शाळेस एक इयत्ता जोडली गेली तेथे पट वाढला, पण वस्तीत एकही मूल वाढले नव्हते.

शहराच्या हद्दीचेही असेच आहे. १९८६ नंतर सुरतेचे क्षेत्र सुमारे १११ चौरस किलोमीटर होते. २००६ मध्ये ते सुमारे ३२६ झाले आणि २०२० मध्ये आणखी वाढले. गावे शहरात आली की त्यांच्या शाळांचा आकडाही शहराच्या हिशेबात शिरतो. लोकसंख्येचे पाहिले तर १९५१ मध्ये सुरतेत सव्वादोन लाखांच्या आत माणसे होती. १९९१ मध्ये ती सुमारे १५ लाख, २००१ मध्ये २४ लाखांवर आणि २०११ मध्ये जवळजवळ ४५ लाख झाली. शाळेत जाणाऱ्या मुलांचे शेकडा प्रमाण काढावयाचे तर वरती पट आणि खाली त्या वयाच्या मुलांची संख्या असावी लागते. ही खालची संख्या जनगणनेवरून पुढे अंदाजाने काढतात. दहा वर्षांत बासष्ट टक्के आणि पुढच्या दहांत ऐंशी टक्क्यांहून अधिक वाढणाऱ्या शहरात, जेथे या वाढीचा काही भाग हद्द सरकल्याने झाला, तो अंदाज कसा धरावा? त्यात २०२१ ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही. त्यामुळे ‘शंभर मुलांपैकी एकशेचार मुले शाळेत’ अशी विधाने अहवालांत दिसतात तेव्हा हसू नये. वरच्या अंकात वयाने मोठी आणि लहान मुले मिसळलेली असतात, आणि खालचा अंक जुन्या शहराचा असतो. ती बेरीज खोटी नसते, भागाकार अडाणी असतो.

मोजण्याच्या दिवसाचा विचार तर फारच थोडे लोक करतात. आपल्या देशात शाळांची अखिल भारतीय पाहणी ३० सप्टेंबर ही तारीख धरून होत आली आहे. सहाव्या पाहणीचा दिवस होता ३० सप्टेंबर १९९३. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, सप्टेंबर १९९४ च्या अखेरीस, सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला. शाळा बंद पडल्या आणि काही लाख माणसे मिळेल त्या गाडीने गावी निघून गेली. पाहणी एक वर्ष उशिरा पडली असती तर सरकारी दप्तरात सुरत हे मुले नसलेले शहर म्हणून नोंदले गेले असते. पुढे १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहर स्वच्छ झाले, त्याचा गौरव झाला, तो योग्यच. परंतु त्या सहामाहीत गावी गेलेली मुले परत आली ती कोणत्या वर्गात बसली, हा प्रश्न विचारलेला माझ्या वाचनात नाही. २०२० च्या टाळेबंदीत मजूर पुन्हा गेले, तेव्हाही तेच.

याहून दुःखद उदाहरण रोजचे आहे. सुरत जिल्ह्यातील बारडोली व इतर साखर कारखान्यांसाठी ऊस तोडावयास नंदुरबार-धुळ्याकडील टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्यात परततात. यान ब्रेमान या डच समाजशास्त्रज्ञाने त्यांच्याविषयी १९७० च्या दशकातच लिहून ठेवले आहे. या लोकांना येथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचेच नाव. त्यांचे मूल ३० सप्टेंबरला गावच्या शाळेत असते, म्हणून तेथे ते मोजले जाते. नोव्हेंबरात ते बारडोलीच्या शिवारात असते, तेथे मोजणी नसते. कागदावर ते शाळेत आहे आणि प्रत्यक्षात उसाची मोळी वाहत आहे. दोन्ही राज्यांचे आकडे बिनचूक असूनही हे मूल दोहोंच्या मधून निसटते.

गळती हा शब्दही मला तपासून घ्यावासा वाटतो. १९२९ च्या हारटॉग समितीने पहिलीतील मुले आणि तीन वर्षांनंतरची चौथीतील मुले यांची तुलना केली आणि पाचांपैकी जेमतेम एक मुलगा चौथीत पोचतो असे दाखवून खळबळ उडविली. तेव्हापासून ती रीत रुळली. या चर्चेत आपल्या रा. वि. परुळेकरांनी घेतलेली बाजू स्मरणीय आहे. दर्जाच्या नावाखाली प्रसार रोखू नये, असा त्यांचा आग्रह होता. पुढे जे. पी. नाईक यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा त्रिकोण साधता साधत नाही हे पुस्तकात मांडले. पण ही सारी तुलना एक गोष्ट गृहीत धरते, की चौथीतील मुले ही पहिलीतील मुलांपैकीच आहेत. सुरतेत ते गृहीत धरता येत नाही. चाळीस मुले पहिलीत होती, चाळीस चौथीत आहेत, गळती शून्य असे पत्रक जाते. वही उघडली तर त्यांतील पंधरा निघून गेलेली आणि पंधरा नवी आलेली असू शकतात. पट तोच, मुले निराळी. गेलेली पंधरा दुसऱ्या शाळेत बसली की मागावर बसली, हे शेवटच्या रकान्यात असावयास हवे. तेथे बहुधा ‘गावी गेला’ एवढेच लिहिलेले असते. शिक्षणहक्क कायद्याने दाखल्यावाचूनही प्रवेश देण्यास सांगितले हे मुलाच्या हिताचे झाले, यात शंका नाही. पण दाखला हा मुलाच्या मागावर असलेला एकमेव कागद होता, तो धागा त्यामुळे आणखी सैल झाला.

मुलींच्या प्रमाणाबाबत एकच सूचना करतो. सार्वजनिक शाळेत मुली मुलांहून अधिक दिसल्या की आपण आनंदतो. मुलगे फी भरून खाजगी शाळेत पाठविले गेले आणि मुली तेथेच राहिल्या, असेही त्यामागे असू शकते. आकडा चांगला आणि घरातील वागणूक वाईट.

आता मराठीचे. लिंबायतच्या घरात आई मुलाशी बोलते ती पुष्कळदा अहिराणी. जनगणना ‘खानदेशी’ ही भाषा मराठीहून वेगळी मोजते. २०११ मध्ये ती मातृभाषा सांगणारे देशात सुमारे साडेअठरा लाख होते. ग्रियर्सनने आपल्या पाहणीत खानदेशीला भिली भाषांच्या शेजारी बसविले होते. भाषाशास्त्राचा तो वाद येथे सोडवीत नाही, पण त्याचे शालेय फळ विचित्र आहे. बाप प्रामाणिकपणे ‘अहिराणी’ म्हणाला तर दहा-चाळीसच्या हिशेबात मराठीचे एक मूल कमी. ‘मराठी’ म्हणाला तर अहिराणी कागदावरून नाहीशी. आणि त्याने मुलाला गुजराती वा इंग्रजी माध्यमात घातले, जो त्याचा हक्क आहे आणि ज्यात बापाची दूरदृष्टीही असू शकते, तर मराठी शाळेचा पट उतरतो आणि मराठी माणसे मात्र वाढतच असतात. म्हणून मराठी माध्यमाचा उतरता पट दाखवून ‘येथे आता मराठी मुले नाहीत, वर्ग मिटवावा’ असे कोणी म्हणाले तर त्याला विचारावे: शाळेतील सर्व माध्यमांच्या मुलांच्या मातृभाषांची यादी कोठे आहे? १९४९ चा नियम भाषा बोलणाऱ्या मुलांविषयी आहे. मराठी माध्यम आधीच निवडलेल्यांपुरता तो नाही. हा भेद डोळ्यांआड झाला तर एक वर्ग आज मिटेल, आणि मिटलेल्या वर्गात उद्या कोणी नाव घालणार नाही, मग तो शून्य आकडाच पुरावा म्हणून पुढे येईल.

माजी विद्यार्थ्यांना एक काम सुचवितो. प्रत्येक जुन्या शाळेच्या कपाटात, तशीच आपल्याही, वयपत्रके असतात. कसर लागण्यापूर्वी ती उतरवून घ्यावीत. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी, मुलांची नावे आणि जाती उतरवू नयेत. जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल झाल्याचे वर्ष, सोडल्याचे वर्ष आणि कारण एवढे पाच रकाने पुरेत. दर वर्षी ‘जन्मस्थळ सुरत’ असे किती आणि अमळनेर, पारोळा, शहादा, साक्री असे किती, हे मोजले तरी एक वस्ती कोणत्या साली पाहुणी राहिली नाही, ते वर्षासकट हाती येईल. आरंभी जन्मतारखा पाहून घ्याव्यात; १ जूनच्या नोंदींची लांबच लांब रांग लागेल, ती मोजून बाजूस ठेवावी आणि मग जन्मस्थळाच्या रकान्याकडे वळावे.